इंजिनवाला

आमच्या घरी टीव्ही आला तो १९८५ साली, दिवाळीच्या तोंडावर. ब्लॅक अँड व्हाइट, पुढं सरकत्या लाकडी दारांचा. आप्पांना पेन्शनीत येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, ते हवालदार होऊन घरी आले आणि बेळगावजवळच्या हिंडलग्यात वाटणीला आलेलं दीड एकर रान नि दोन म्हशी सांभाळायला लागले. टीव्हीचे पैसे त्यांनी कुठून जमवले ते आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या दिवसांत रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं. आई परातीत चिरमुरे कालवून द्यायची. कांदा, शेंगदाणे, तिखट, वरून कच्चं तेल. आम्ही तिघं भावंडं आणि शेजारची चार पोरं परातीभोवती, आणि मागं भिंतीला टेकून आप्पा. त्यातलं इंग्रजी आम्हाला काही कळायचं नाही. आप्पांना फौजेतलं इंग्रजी यायचं, पण ते रिपोर्ट, लीव्ह, कँटीन एवढंच. तरी त्यांना त्या आकाशातल्या गाडीवरचा एक माणूस फार आवडायचा. इंजिन सांभाळणारा, जरा जाडसर, सदा काळजीत पडलेला स्कॉटी. आप्पा त्याला ‘इंजिनवाला’ म्हणायचे. “सायब नुसता खुर्चीत बसलाय. गाडी ह्याच्या जिवावर चाललीया बग.”

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलानं सहज मोबाईलवर वाचून दाखवलं, आई, तुमच्या त्या स्कॉटीचं एक बोट नव्हतं, माहीत आहे का?

जेम्स डूहान त्याचं नाव. कॅनडाचा. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, ज्याला जुनो म्हणतात तिथं, तो तोफखान्यातला अधिकारी म्हणून उतरला होता. दिवसभर वाचला आणि रात्री आपल्याच बाजूच्या एका घाबरलेल्या पहारेकऱ्यानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. सहा लागल्या. चार पायात, एक छातीवर, एक उजव्या हाताच्या मधल्या बोटाला. छातीवरची गोळी खिशातल्या चांदीच्या सिगारेटच्या डबीवर अडली म्हणून जीव वाचला. बोट गेलं. पुढं टीव्हीवर काम करताना तो उजवा हात शक्यतो कॅमेऱ्यापुढं येऊच द्यायचा नाही. काही सामान धरायचा, हात मागं घ्यायचा, नाहीतर उभाच असा राहायचा की बोटं दिसू नयेत.

मुलगा पुढचं काही वाचत होता, पण माझं लक्ष उडालं होतं. आप्पा २०१६ साली गेले. इतक्या रविवारी तो माणूस त्यांच्या समोर होता, आणि तो आपल्यातला आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, याचा विचार मी अजून करते.

सिनेमातला फौजी बघायची आप्पांची स्वतःची परीक्षा होती. गोष्ट काय, नटी कोण, याकडं त्यांचं लक्ष नसायचं. आधी बूट बघायचे, मग पट्टा, मग मानेवरचे केस, शेवटी सॅल्यूट. सॅल्यूट करताना कोपर पुढं आलं की “हं” म्हणून मान वळवायचे, त्या नटाचं तिथंच संपलं. स्वतःचे बूट ते पेन्शनीतसुद्धा दर शनिवारी पॉलिश करायचे. किवीची डबी, जुन्या बनियनची चिंधी बोटाला पीळ देऊन गुंडाळलेली, टोकावर जराशी थुंकी, आणि बुटाच्या नाकावर गोल गोल, नाण्याएवढी जागा एका वेळी. त्या नाकात घरातला बल्ब दिसायला लागला की थांबायचे. ते बूट घालून जायचे कुठं? बेळगावातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये वर्षातून एकदा, आणि मिलिटरी महादेवाच्या देवळात.

१९९१ ला नाना पाटेकरचा ‘प्रहार’ आला तेव्हा बेळगावात जत्रा होती. त्यातलं कमांडोंचं शिक्षण आमच्याच गावचं. या कामासाठी नानानं मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर राहून शिक्षण घेतलं होतं, त्यामुळं कॅम्पात आणि गणेशपुरात प्रत्येक घरात कुणीतरी ‘आमी नानाला धावताना बघिटलंय’ म्हणणारा निघायचा. आम्ही सगळं घर घेऊन गेलो. आप्पा मध्यंतरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी अंधारात दोनदा त्यांच्याकडं बघितलं. मध्यंतरात चहा घेताना म्हणाले, “ह्येनं ग्राउंड मारलंय. बूट बोलतंय त्येचं.” माझ्या आठवणीत कुठल्याही नटाला आप्पांनी दिलेलं हे एकमेव प्रमाणपत्र.

आणि त्या बुटांनी पुढं खरं करून दाखवलं. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल पेटलं. सुट्टीवर आलेली आमच्या भागातली पोरं एका दिवसात परत बोलावली गेली. शेजारच्या वहिनींचा धाकटा दीर लग्नाची बोलणी अर्धी टाकून गेला. बेळगाव स्टेशनावर गोवा एक्स्प्रेसला त्याला सोडायला आम्ही गेलो, तर सगळा प्लॅटफॉर्म हिरव्या बॅगांनी भरलेला, आया आणि बायका आपापल्या माणसाच्या बाहीला धरून उभ्या. त्याच दिवसांत बातमी आली की नाना कारगिलला गेलाय, मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर, मानद कॅप्टन म्हणून. त्याचं वय तेव्हा ४८. संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांना आपण स्वतः फोन करून सीमेवर जायची परवानगी मागितली, असं त्यानं पुढं सांगितलंय. आप्पांनी ‘तरुण भारत’ घडी घालून ठेवला आणि गोठ्यात गेले. धार काढायची वेळ नव्हती.

तेव्हापासून मला खरी वर्दी घातलेल्या या नटांची ओढ लागली. रिचर्ड टॉड म्हणून एक इंग्रज नट होता. नॉर्मंडीच्या स्वारीच्या रात्री तो छत्रीधारी सैनिक म्हणून खरोखर उतरला होता, आणि एका पुलावर मेजर जॉन हॉवर्डच्या तुकडीला जाऊन मिळाला होता. १९६२ ला ‘द लाँगेस्ट डे’ सिनेमा निघाला, त्यात हॉवर्डचं काम टॉडनंच केलं. पहिल्यांदा केबलवर बघितला तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. आता बघते तेव्हा त्या पुलावरच्या प्रसंगात मी फक्त त्याचे डोळे बघत बसते.

आपल्याकडचे तर आणखीनच गप्प. ‘महाभारत’मधला शकुनी, गुफी पेंटल. रविवारी सकाळी त्या माणसाला आम्ही मनापासून शिव्या घालायचो. १९६२ च्या युद्धाच्या दिवसांत तो सैन्यात होता, चीनच्या सीमेवर. करमणुकीला काही नाही म्हणून जवानांनी तिथं रामलीला केली आणि हा त्यात सीता झाला, असं त्यानं मुलाखतीत सांगितलं होतं. थंडीत, सीमेवर, साडी नेसून सीता. हे कळल्यावर मला शकुनीचा राग धरता येत नाही.

आणि अच्युत पोतदार. ‘थ्री इडियट्स’मधले वर्गावर चिडणारे प्राध्यापक म्हटलं की पोरांना लगेच कळतं. आमच्या पिढीला ते ‘वागळे की दुनिया’पासूनचे. सैन्यातून कॅप्टन म्हणून ते १९६७ ला निवृत्त झाले, म्हणजे ६५ चं युद्ध झालं तेव्हा ते वर्दीत होते. मग इंडियन ऑइलमध्ये जवळजवळ २५ वर्षं नोकरी, आणि चाळिशी उलटल्यावर कॅमेरा. कुणाचा बाप, कुणाचा साहेब, कुणाचा शेजारी, अशी दोन-दोन मिनिटांची कामं. २०२५ च्या ऑगस्टात ते गेले तेव्हा मी जुनी कामं काढून बघितली. खुर्चीत बसलेत तरी पाठ सरळ. आप्पांच्या परीक्षेत ते पहिल्या खेपेला पास झाले असते.

या सगळ्यांत मला जे जवळचं वाटतं ते हेच. दाखवण्यासारखं एवढं असून ते घरी आले आणि मिळेल त्या कामाला लागले. कुणी इंजिनवाला, कुणी शकुनी. आमच्या घरी म्हशी.

आप्पा ७१ च्या लढाईत होते. जंगी पलटण आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली. डिसेंबरच्या थंडीत ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांनी जमालपूरची मागची वाट अडवली. शरण या म्हणून पाठवलेल्या पत्राला समोरच्या कर्नलनं पाकिटात बंदुकीची गोळी घालून उत्तर दिलं होतं. पुढं १६ डिसेंबरला पलटण ढाक्यात होती. यातलं काहीही आप्पांनी सांगितलेलं नाही, मी वाचून गोळा केलंय. आप्पांनी आम्हाला युद्धाची गोष्ट एकच सांगितली, तीसुद्धा परातीकडं बघून. तिथल्या एका गावात एका म्हातारीनं त्यांच्या ओंजळीत चिरमुरे घातले. तिकडं त्याला मुडी म्हणतात. “शेम आपल्यासारकं. फकस्त तिकट न्हवतं,” एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले.

आम्ही पुढं विचारलं नाही. टीव्हीवर जाहिरात संपली होती.

परवा मुलगा घरी आला होता. आम्ही स्कॉटीचे जुने भाग लावले आणि हात शोधत बसलो. एका भागात तो केसाळ गोळ्यांसारखे प्राणी कवेत घेऊन येतो. मुलानं तिथं चित्र थांबवलं. दिसला. मधल्या बोटाची जागा रिकामी. मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आजोबांनी नक्की काय केलं होतं गं ७१ ला?” माझ्याजवळ सांगायला मुडीच होती.

म्हणून रविवारी मी आप्पांच्या पलटणीतल्या एका तात्यांकडं गेले. ऐंशीला टेकलेत, कानाला कमी येतं, पण दाढी गुळगुळीत आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून स्टुलावर ठेवला. त्यांनी तो उचलून बाजूच्या खिडकीत ठेवला. “ते ऱ्हाऊ दे. आदी च्या घे.”

चहा झाला. पानसुपारी झाली. मग अंगणाकडं बघत म्हणाले, “तुमी राकसकोपला सहलीला जायचा तवा तुजा आप्पा पाण्यात उतरायचा काय?”

नाही उतरायचे. लांब झाडाखाली पिशव्या घेऊन बसायचे. सामान बघतो म्हणायचे.

“त्येला पवाय येत न्हवतं,” तात्या म्हणाले. “ब्रह्मपुत्रेला हुबा ऱ्हायला तवा मला हे एकट्यालाच ठाऊक हुतं. माजा पट्टा धरून आला पल्ल्याड. कुणाला सांगू नको म्हनला. आज तुला सांगूलोय.”