उठायला किती पाणी लागतं?

माझ्या बोटीत एक सहा फुटांची काठी कायम असते. तिच्यावर मी रंगीत चिकटपट्टीच्या तीन खुणा केल्या आहेत. पाच इंचांवर हिरवी, नऊ इंचांवर पिवळी आणि तेरा इंचांवर लाल. माझी बावीस फुटी, जोडतळाची, म्हणजे शेजारी-शेजारी दोन तळ असलेली बोट पाच इंच पाण्यात धावते, नऊ इंचांत तरंगते आणि उठायला, म्हणजे उभ्या जागेवरून वेग घेऊन पाण्यावर चढायला, तिला तेरा इंच लागतात. हे आकडे माझ्या बोटीचे, दोन माणसं आणि अर्धी टाकी पेट्रोल असतानाचे. दुसऱ्या बोटीचे वेगळे असतील. पण त्यांचा क्रम बहुतेक असाच निघेल, आणि उथळ पाण्याची बोट घेणाऱ्या माणसानं सगळ्यात आधी हा क्रम समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

तरंगायला लागतं त्याहून कमी पाण्यात ती धावते कशी, हे मला इथले मित्र नेहमी विचारतात. बोट उभी असते तेव्हा तिचं सगळं वजन पाण्यात बुडालेला तळ पेलतो. वेग घेतला की तळाखालचं पाणी तिला वर ढकलतं आणि ती पाण्यावर चढून सरकायला लागते. जोडतळाला आणखी एक फायदा आहे. दोन तळांमधल्या बोगद्यात समोरून हवा शिरते, दाबली जाते आणि मधल्या फळीला वर उचलते. पण त्या अवस्थेला पोचण्याआधी एक क्षण असा येतो की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर जाते आणि मागची बाजू खाली बसते. इंजिन मागे, माणसं मागे, पेट्रोल मागे. त्या तीन-चार सेकंदांत मागचा भाग उभ्या बोटीपेक्षाही खोल जातो. तेरा इंच लागतात ते त्या क्षणासाठी.

विकणारे पहिला आकडा मोठ्या अक्षरात लिहितात. तिसरा विचारावा लागतो.

मी टेक्सासात, कॉर्पस ख्रिस्टीला राहतो. नोकरी रिफायनरीत, उपकरणं सांभाळण्याची. शहराच्या दक्षिणेला लगुना माद्रे हे समुद्रालगतचं उथळ सरोवर सुरू होतं आणि मेक्सिकोच्या सीमेजवळ पोर्ट इझाबेलपर्यंत जवळपास १३० मैल पसरतं. एका बाजूला टेक्सासचा किनारा, दुसऱ्या बाजूला पाद्रे बेट, म्हणजे वाळूची एक लांबच लांब पट्टी. सरासरी खोली जेमतेम मीटरभर. नद्या फारशा येऊन मिळत नाहीत, ऊन कडक, त्यामुळे पाणी समुद्राहूनही खारट. तळाला समुद्री गवताची कुरणं. माझा जन्म मालवणजवळच्या देवबागचा. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पहिल्यांदा पाद्रे बेटावर उभा राहिलो तेव्हा ओळखीच्या जागी आल्यासारखं वाटलं होतं. फक्त माड नव्हते.

पण पाण्याचं वागणं अगदी वेगळं. आमच्याकडे भरती-सुकती घड्याळासारखी. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची छोटी कधी, हे लहान पोरालाही ठाऊक. लगुनात चंद्राची भरती काही इंचांचीच. इथलं पाणी वारा चढवतो आणि वाराच उतरवतो. उन्हाळाभर आग्नेयेचा वारा सुटलेला असतो. हिवाळ्यात अचानक उत्तरेचा थंड वारा येतो, त्याला इथे ‘नॉर्दर’ म्हणतात, आणि तो वरच्या भागातलं पाणी दक्षिणेकडे लोटून नेतो. सकाळी गुडघाभर असलेल्या जागी दुपारी घोटाही बुडत नाही.

हे मी दोन हिवाळ्यांपूर्वी शिकलो. फेब्रुवारीतला शनिवार होता. माझी लेक, तेव्हा दहावीत, माझ्याबरोबर होती. रेडफिश उथळात खाली तोंड घालून चरायला लागला की त्याची शेपटी पाण्याबाहेर येते. तांबूस शेपटी, टोकाशी काळा ठिपका. आपल्या घोळीच्याच कुळातला मासा हा. लेकीनं लांबून तशा सहा-सात शेपट्या पाहिल्या आणि मी इंजिन बंद करून बोट खाली बसवली. पाणी दहा इंच होतं, मी काठीनं मोजलं होतं. तरंगत होती, म्हणजे झालं, असं मला वाटलं. दोन मासे मिळाले. इथे एरवी २० ते २८ इंचांमधलाच रेडफिश ठेवता येतो, दिवसाला माणशी तीन. एक ठेवला, एक सोडला. तेवढ्यात मानेवर गार वारा आला.

तासाभरात पाणी पिवळ्या खुणेवर आलं. इंजिन टाकून पाहिलं तर नाळ उठली, मागची बाजू चिखलात बसली आणि पंख्यानं गवत उपटून वर फेकलं. लगेच बंद केलं. मग इंजिन वर उचलून आम्ही दोघं छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून पाण्यात उतरलो आणि बोट ढकलायला लागलो. लेक पुढे काठीनं खोली मोजत, मी मागून लोटत. शेपटीचा काटा मारणाऱ्या पाकट माशाच्या भीतीनं दोघांचे पाय तळाला घासत. मधूनमधून ती नुसता आकडा ओरडायची, “बाबा, नऊ!” “अजून नऊ!” “साडेआठ, इकडे नको!” चारशे पावलं चाललो असू. शेवटी एक पांढरा वाळूचा खळगा सापडला, चौदा इंचांचा. तिथून उठलो. घरी पोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते, आणि ते आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

रात्री देवबागला काकांना फोन केला. त्यांनी आयुष्यभर खाडीत होडी हाकली. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, “झिला, जातलंस तेवाचा नको, येतलंस तेवाचा पाणी बघ.”

तेव्हापासून थांबण्याआधी मी मासा बघत नाही, खळगा बघतो. लगुनाचं पाणी नितळ असतं. गवत काळपट दिसतं आणि त्यात वाळूचे खळगे पांढऱ्या ठिगळांसारखे. जवळचा खळगा किती लांब, वाऱ्याच्या कुठल्या अंगाला, त्यातून बाहेर पडायची वाट कुठे, हे ठरलं की मगच इंजिन बंद. पाणी कमी असेल तर उठायची इथे एक रीत आहे. सुकाणू पूर्ण वळवायचं, जोर द्यायचा आणि बोट जागच्या जागी गोल फिरवायची. तिचीच लाट वर्तुळात साठते, दोन-तीन इंच पाणी वाढतं आणि त्या फुगवट्यावर ती उठते. रीत खरी आहे, पण गवतावर केली तर तळाला गोल जखम होते. टेक्सासच्या किनारी पाण्यात समुद्री गवत पंख्यानं उपटणं २०१३ पासून कायद्यानं बंद आहे. कायदा नसता तरी मी केलं नसतं. रुंद पातीचं टर्टल ग्रास एकदा मुळासकट गेलं की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, आणि ज्या माशांसाठी आपण येतो त्यांची पिल्लं त्याच गवतात वाढतात. फिरवायची तर निव्वळ वाळूवर.

आता धावण्याबद्दल. जोडतळाच्या बोटीला चांगला पंखा लागतो, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. बोगद्यातून इंजिनापर्यंत येणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते. साध्या तीन पात्यांच्या पंख्याची त्यात पकड सुटते, इंजिन किंचाळतं आणि बोट आहे तिथेच. चार पाती आणि पात्यांच्या कडा आतल्या बाजूला वळवलेल्या, असा पंखा बसवल्यावर माझी बोट दुसरीच झाली. वरचा वेग दोन-तीन मैलांनी कमी झाला, पण उठायला लागणारं पाणी पंधरा इंचांवरून तेरावर आलं. ते दोन इंच मला त्या वेगापेक्षा मोलाचे आहेत.

इंजिन जॅक प्लेटवर बसवलेलं आहे, म्हणजे बटण दाबलं की ते सरळ वर-खाली होतं. उथळात शिरताना ते वर घ्यायचं. पण नजर पाण्याच्या दाबाच्या काट्यावर. इंजिन थंड ठेवणारं पाणी खालच्या नळकांड्याच्या नाकातून आत जातं. इंजिन फार वर गेलं की तिथे हवा शिरते, दाब पडतो आणि थोड्याच वेळात हजारो डॉलरचं यंत्र भाजून निघतं. उथळात माझी नजर पाणी, काटा, पाणी, काटा अशीच फिरत असते.

वळणं मात्र नव्यानं शिकावी लागतात. एकतळी बोट वळताना सायकलसारखी आत कलते आणि आपल्यालाही आत घेते. जोडतळाची सपाट राहते, कधीकधी बाहेरच कलते. आतलं माणूस बाहेर फेकलं जातं. माझ्या बोटीच्या तळाला कणा जवळजवळ नाहीच, म्हणून ती वळताना घसरतेही, ओल्या शहाबादी फरशीवर घसरावं तशी. वळणाआधी जोर कमी, इंजिन थोडं खाली आणि नाळ थोडी दाबलेली ठेवावी लागते. तसं केलं नाही तर वळणाच्या ऐन मध्यावर पंख्याची पकड सुटते आणि बोट धप्पकन बसते. बरोबर असणाऱ्याला मी आधीच सांगतो: “उजवीकडे वळतोय, धरा.” इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी माझ्या कमरेला असते. अशा लहान बोटींसाठी एप्रिल २०२१ पासून ती अमेरिकाभर सक्तीची आहे.

दुपारी वारा ताशी वीस मैलांच्या वर गेला की लगुनात आखूड, उभ्या लाटा उठतात. त्यांना सामोरं जाताना ही बोट वेगात फार सुखाची. दोन तळ लाटा कापतात आणि मधली हवा गादीचं काम करते. पण भीत भीत मधल्याच वेगानं गेलात तर मधली फळी लाटेवर आपटते आणि पाठीचे मणके मोजून घ्यावे लागतात. त्याच वेगाला ती शिंकते. बोगद्यातली हवा पाण्याचे तुषार घेऊन समोरून बाहेर पडते आणि वारा ते सगळे तोंडावर आणून टाकतो. उपाय दोनच. एकतर वेग वाढवून तिला वर चढवा, नाहीतर अगदी हळू या. मागून लाट असेल तर नाळ उंच ठेवायची, नाहीतर ती पुढच्या लाटेच्या पाठीत खुपसते.

वजनाचंही सांभाळावं लागतं. बर्फाची पेटी मागून काढून मधल्या आसनापुढे ठेवली तेव्हा बोट जवळपास एक सेकंद लवकर उठायला लागली. मग मी बॅटऱ्याही पुढे हलवल्या. उभी असताना मात्र तिच्यासारखी बोट नाही. तिघं एका काठाला येऊन मासा ओढत असले तरी ती जेमतेम झुकते. माझी आई इथे आली होती, सत्तरीची. ती खुर्ची टाकून दोन तास गळ धरून बसली, एकदाही कशाला धरलं नाही.

लगुनाला जोडलेल्या बॅफिन बे या खाडीतल्या खडकांत मी बोट वेगात नेत नाही. सर्प्युलिड जातीच्या किड्यांनी जुन्या काळी चुन्याच्या नळ्यांचे खडक बांधलेत तिथे, गढूळ पाण्यात दिसत नाहीत आणि तळ फाडतात. तिथे काठी हातात आणि इंजिन जेमतेम चालू.

‘कॅटमरान’ हा शब्द मूळ तमिळ. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड, लाकूड. बांधलेले ओंडके ते कट्टुमरम. त्यात दोन तळ नव्हतेच. हे नाव पुढे जोडतळाच्या बोटींना चिकटलं. काकांना व्हिडिओवर बोट दाखवली तेव्हा त्यांनी ती आधी बाजूनं पाहिली, मग समोरून दाखव म्हणाले. रांपणीच्या होडीला एका अंगाला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा लाकडाचा ओंडका असतो, ती त्यांच्या डोळ्यांत बसलेली.

“हिका उलांडी खंय आसा?”

मी म्हटलं, काका, हिची उलांडीच होडीएवढी आहे. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, दोन्ही तळ पुन्हा नीट बघितले आणि विचारलं, उठाक पाणी किती लागता?

मी काठी कॅमेऱ्यासमोर धरली आणि लाल खुणेवर बोट ठेवलं.