नांगरातून सुटलेला खिल्लार

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसलो. भोसरी एमआयडीसीत माझं हेडच्या आणि बोअरिंगच्या कामाचं वर्कशॉप आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात; व्हॉल्व्ह म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा. सिलिंडर बोअर करणं, होनिंग म्हणजे तो आतून गुळगुळीत घासणं, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट कापणं, हीच रोजची कामं. हिंजवडी-बालेवाडीकडची तरुण मंडळी हौसेच्या गाड्यांची इंजिनं घेऊन येतात आणि झालेलं हेड डिकीत ठेवता ठेवता हमखास विचारतात, "काका, पेट्रोलची स्पोर्ट्स कार आता घ्यावी का? की पाच-सात वर्षांत सगळं इलेक्ट्रिकच होणार?" मशिनच्या आवाजात मी "घ्या, पण बघून घ्या" एवढंच ओरडून सांगतो. ते अर्धं उत्तर झालं. बाकीचं इथे सांगतो.

आधी वेगाचं बोलून घेऊ, कारण बहुतेकांच्या मनात तेच असतं. वेगात पेट्रोल हरलं. माझ्याकडे पुंटो अबार्थ आहे. २०१५ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा रांजणगावला बनायची. १.४ लिटरचं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), १४५ हॉर्सपॉवर, पाच गिअर, तेही हाताने टाकायचे. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने महिंद्राची बीई ६ घेतली. तीही आपल्याच भागातली, चाकणची. मोटरची ताकद २८६ हॉर्सपॉवर, म्हणजे माझ्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. गुरुवारी आमच्या एमआयडीसीला सुट्टी असते आणि बाकीचं पुणं कामावर असतं, त्यामुळे घाट मोकळे मिळतात. अशाच एका गुरुवारी पहाटे आम्ही दोघं दोन गाड्या घेऊन पौडमार्गे ताम्हिणीला निघालो. मुळशीच्या पुढे मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. "मामा, डोकं मागे टेकवा," एवढं म्हणून त्याने पाय दाबला. पोटात खड्डा पडला. टायरची घरघर आणि वारा, बाकी आवाज नाही. माझ्या गाडीत तेवढा जोर हवा असेल तर आधी गिअर खाली घ्यायचा, मग टर्बो भरायची वाट बघायची. मोटरला असलं काही लागत नाही, ती जागेवरून उठतानाच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, देते. क्रोएशियातल्या रिमॅक कंपनीची २०२१ ची इलेक्ट्रिक नेव्हेरा १९१४ हॉर्सपॉवरची आहे. तुम्हाला सिग्नलवरून सुसाट सुटायचंच वेड असेल, तर इलेक्ट्रिक घ्या आणि माझा पुढचा मजकूर सोडून द्या.

घाटात गाड्यांची अदलाबदल केली. वळणं सुरू झाल्यावर भाच्याची गाडी मी चालवत होतो आणि पहिल्या दोन-तीन वळणांतच लक्षात आलं की इथे मला गाडीचं वजन वळवावं लागतंय. ती गाडी दोन टनांच्या घरात जाते, माझी बाराशे किलोच्या आसपास. माझी टाकी काठोकाठ भरली तरी ४५ लिटर पेट्रोलचं वजन पस्तीस किलोही होत नाही. त्याच्या ७९ किलोवॉट-अवरच्या बॅटरीचं वजन काही माणसं गाडीत बसवल्याइतकं आहे, आणि ती चार्ज केलेली असो की रिकामी, ते ओझं तेवढंच राहतं. बॅटरी तळाशी असल्यामुळे गाडी झुकत नाही, रस्ता धरून चालते, हे खरं. पण वळणात टायर काय म्हणतोय ते हाताला कळत नव्हतं. पुढे भाचा माझी गाडी चालवत होता. विसाघरच्या अलीकडे तो थांबला, उतरला आणि म्हणाला, "मामा, ही हळू आहे. पण हिच्यात मला काम आहे."

मला जे सांगायचंय ते त्याने एका वाक्यात सांगून टाकलं.

हे काम इंजिनाच्या आत किती बारकाईचं असतं, ते एकदा माझ्या टेबलाशी येऊन बघा. सीट कापून झाली की व्हॉल्व्हच्या सीटवर टेकणाऱ्या कडेवर ग्राइंडिंग पेस्टचे दोन-तीन ठिपके लावायचे. मग रबरी कप लावलेली काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन्ही तळहातांत धरून रवीसारखी घुसळायची. थोडं घुसळलं की उचलायचा, थोडा फिरवायचा, पुन्हा टेकवायचा. आधी खसखस आवाज येतो. तो मऊ होत होत जवळजवळ बंद होतो, तेव्हा थांबायचं. पुसून बघितलं की व्हॉल्व्हभोवती एकसारखी करडी पट्टी उमटलेली दिसते, रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर. ती कुठे तुटलेली दिसली तर काम पुन्हा. इंजिन ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेरे, फिरतं तेव्हा हा व्हॉल्व्ह एका सेकंदात ५० वेळा उघडून मिटतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तर तापून लाल होतो, आणि त्याच्या अंगातली बरीचशी उष्णता बाहेर जायला वाट असते ती हीच दीड मिलिमीटरची पट्टी. तुम्ही घाटात गिअर खाली टाकता, इंजिन वर चढत जातं आणि अंगावर काटा येतो, तो काटा या पट्टीवरून आलेला असतो. मी गाडी चालवतो तेव्हा मला हे सगळं आत चाललेलं ऐकू येतं. ते ऐकायला मिळणार नसेल तर मला गाडी फक्त पोहोचण्यापुरती हवी.

माझं गाव खेड तालुक्यात. लहानपणी आमच्या वावरात दोन बैलजोड्या होत्या. ट्रॅक्टर आला आणि पाच-सहा वर्षांत दावण रिकामी झाली. नांगराला, मोटेला, गाडीला कशालाच बैल लागेना. हिशेबाने खिल्लार संपायला हवा होता. पण आमच्याकडच्या घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, आजही बारी सुटते. दोन जोड्या जुंपलेला हलका गाडा, पुढे घोडी, वरती भंडाऱ्याचा पिवळा धुरळा आणि सेकंदांवर बारीक नजर. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. माझ्या चुलतभावाने त्या सात वर्षांतही बैल विकला नाही. घरचे म्हणायचे, नुसता खुराक खातोय, काय उपयोग. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतीचा कायदा वैध ठरवला. शर्यतीत बैलाचे हाल होऊ नयेत म्हणून घातलेल्या अटी योग्यच आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. मला म्हणायचंय ते वेगळं आहे. शेतातली नोकरी गेली तरी खिल्लार टिकला, कारण तो बंदीच्या काळातही सांभाळणारी माणसं होती.

पेट्रोलच्या स्पोर्ट्स कारचं मला नेमकं हेच होताना दिसतंय. ऑफिसला जाणं, पोरांना शाळेत सोडणं, महिन्याचा किराणा, हे सगळं इलेक्ट्रिककडे जाणार आणि जावं. पुण्याची हवा बघता तर लवकर जावं. सायलेन्सर फोडून रात्री एफसी रोडवर गाड्या पिटाळणाऱ्यांबद्दल मला जराही माया नाही. त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांचीही बदनामी होते.

मोठ्या कंपन्यांचंसुद्धा बंदी-परवानगीसारखंच चाललंय. लोटसने २०२१ मध्ये एलिस ही स्पोर्ट्स कार थांबवली, ऑडीने २०२३ मध्ये टीटी आणि २०२४ मध्ये आर८. अमेरिकेत डॉजने २०२३ संपता संपता व्ही-८ चॅलेंजर बंद केली. युरोपीय संघाने त्याच वर्षी कायदा केला, की २०३५ पासून नव्या गाडीतून कार्बन डायऑक्साइड शून्य. सगळ्यांनी मान्य केलं की खेळ संपला. मग डॉजने इलेक्ट्रिक चार्जर आणली, तिला कृत्रिम एक्झॉस्टचा आवाजही दिला, आणि २०२५ मध्ये तीच गाडी सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात काढली. पोर्शने पेट्रोलची ७१८ ही स्पोर्ट्स कार बंद करून तिच्या जागी इलेक्ट्रिक आणायचं ठरवलं होतं; २०२५ मध्येच त्यांनी जाहीर केलं की वरच्या मॉडेलांना पेट्रोल इंजिन राहील. युरोपीय आयोगानेही त्याच वर्षाच्या अखेरीस २०३५ ची अट सैल करायचा प्रस्ताव मांडला. हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एकत्र असलेल्या गाडीचं, तर मला मनापासून कौतुक आहे. पोर्शने २०२४ च्या ९११ जीटीएसमध्ये टर्बोच्या शाफ्टवरच छोटी विजेची मोटर बसवली, म्हणजे टर्बो भरायची वाट बघायला नको. वीज इंजिनाच्या मदतीला आली, त्याच्या जागेवर बसली नाही.

आणि ह्युंदाईची आयोनिक ५ एन. इलेक्ट्रिक गाडी, गिअरबॉक्स नाही, तरी तिच्यात खोटे आठ गिअर दिलेत. गिअर बदलल्यासारखा झटका बसतो, आवाज येतो. काही जण हसले. मला त्यात माणसाची गरज दिसली. ज्यांनी ती बनवली त्यांनाही ठाऊक होतं की नुसता वेग पुरत नाही, हाताला काम लागतं.

आपल्याकडची गोष्ट मात्र जास्त दुखणारी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीच्या वरच्या नव्या पेट्रोल कारवर जीएसटी ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५ टक्के. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफीचं धोरण आहे. ज्याच्याकडे दोन कोटी आहेत तो तरीही ९११ घेईलच. गेली ती मधली गाडी. चाकणला बनणारी पोलो जीटी, रांजणगावची अबार्थ, नोकरदार माणसाने कर्ज काढून घ्यावी अशी. पोलो २०२२ मध्ये थांबली. आज या तरुणांना परवडेल अशी नवी, हलकी, गिअरची, पेट्रोलची मजेदार गाडी शोधून द्या म्हटलं तर मोजायला माझ्या एका हाताची बोटंही लागत नाहीत. म्हणून आपल्या इथे या गाड्यांचं पुढचं आयुष्य शोरूममध्ये घडणार नाही, जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या पार्किंगमध्ये घडेल.

मला भीती कायद्याची नाही आणि पेट्रोल संपण्याचीही नाही. पेट्रोल मिळत राहील. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं, म्हणजे आपल्याच पट्ट्यातल्या उसाचा अंश टाकीत असतो. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. पण ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याचा गुण, जास्त, ते टर्बो इंजिनाला मानवतं. जुन्या गाडीचे रबरी होस, सील, गॅस्केट मात्र त्यासाठी बनलेले नसतात, ते बदलून घ्या. हे काम न केल्यास पेट्रोल गळून आग लागू शकते.

भीती आहे ती सुट्या भागांची आणि हातांची. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाची परदेशी बनावटीची टू-सीटर आली. इंजिन ठणठणीत, मी स्वतः उघडून बघितलं. बिघडला होता तळहाताएवढा कंट्रोल युनिटचा बॉक्स. तो मिळायला पाच महिने लागले आणि आला तेव्हा त्याचं कोडिंग करायचं, म्हणजे तो गाडीशी जुळवायचं, सॉफ्टवेअर इथे कुणाकडे नव्हतं. लोखंड मी बनवू शकतो. पिस्टन, रिंगा, बुश, लायनर, काय हवं ते भोसरी ते चाकण या पट्ट्यात कुणी ना कुणी बनवून देईल. मुंढव्याच्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट तर जगभर जातात. पण हा पट्टासुद्धा बदलतोय. माझ्या गल्लीतल्या दोन युनिटांनी व्हॉल्व्ह गाइडचं, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरळ धरणाऱ्या नळीचं, काम सोडून मोटर हाउसिंगचं, म्हणजे विजेच्या मोटरच्या कवचाचं, घेतलं. त्यांनी बरोबर केलं, कामगारांचे पगार त्यातून निघतात. फक्त गाइड बनवणारे हात एकदा गेले की परत येणं अवघड.

म्हणून घ्यायचीच असेल तर अशी घ्या. इलेक्ट्रॉनिक्स जितकं कमी तितकं बरं. वजन कमी, गिअर हाताचा. आणि किंमत वाढेल म्हणून झाकून ठेवायला घेऊ नका. उभ्या इंजिनाचे सील वाळतात, टाकीत पाणी धरतं, रिंगा चिकटतात. अशी इंजिनं माझ्याकडे येतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. रोजच्या कामाला इलेक्ट्रिक असू द्या. माझ्या भाच्याने हेच ठरवलंय, बीई ६ ठेवून तो आता जुनी पोलो शोधतोय.

माझ्याकडे सहा महिन्यांपूर्वी आयटीआय करून एक मुलगी कामाला लागली. परवा एका जुन्या टर्बो इंजिनाचं हेड तिने पहिल्यांदा एकटीने केलं. सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह स्वतः घुसळले, तळहात लाल झाले होते. स्प्रिंगा बसवल्या, हेड आडवं ठेवलं आणि पोर्टांत, म्हणजे व्हॉल्व्हपर्यंत जाणाऱ्या वाटांत, पेट्रोल ओतलं. सीट नीट बसली नसेल तर ते पाझरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोल जळतं त्या खोबणीत, उतरतं. मी म्हटलं, चहा पिऊन येऊ. ती म्हणाली, "सर, तुम्ही या जाऊन. मी बघते." परत आलो तर ती टॉर्च घेऊन एकेका चेंबरखाली वाकलेली. तिसऱ्यापर्यंत कोरडं होतं. चौथ्यात तिने बोट फिरवलं, उजेडात धरलं, अंगठ्यावर घासून बघितलं. मग खडू घेतला आणि हेडच्या कडेला तारीख घातली.