हरणी, आठवडा अकरावा : ओंडका सुटला, चर सुरू

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझी घोडी हरणी आंब्याखालच्या ओंडक्यावरून उडी घेत नाही. तेवढाच ओंडका, जेमतेम दीड फुटाचा, मोकळ्या माळावर बिनतक्रार उडते. झाडाखालचा आला की चार पावलं आधीच खूर रोवते. मी तिला हट्टी समजले आणि टाच वाढवत गेले. चूक पूर्णपणे माझी होती.

ऑक्टोबरच्या रखरखीत उन्हातून आपण दुडकीत सावलीत शिरतो, तेव्हा घोड्याची नजर अंधाराला सरावायला माणसापेक्षा बराच जास्त वेळ घेते. तिच्यासमोर ओंडका नसतोच, नुसता काळा डाग असतो. त्यात डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून कपाळासमोरचं आणि नाकाखालचं तिला दिसत नाही. नीट पाहायचं तर मान खालीवर करावी लागते, आणि मी नेमका तेव्हाच लगाम आखडत होते.

म्हणून आठ दिवस उड्या बंद ठेवल्या. रोज सैल लगामावर चालत झाडाखाली जायचं आणि उभं राहायचं, बस्स. पहिल्या दिवशी कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, खोगिराखाली पाठ फळीसारखी. चौथ्या दिवशी तिने मान खाली घातली, ओंडक्याची साल हुंगली, लांब फुरफुरली आणि बिट, म्हणजे लगामाची तोंडातली कडी, चघळायला लागली. मी तिथल्या तिथे उतरले, तंग (खोगिराचा पोटपट्टा) ढिला केला आणि तिला चालवत तबेल्यात आणलं. मोतद्दार मामा म्हणाले, "आज तिला घरचं वाटलं बघा." नवव्या दिवशी दुडकीतून उडाली. वेडीवाकडी, पण स्वतःहून.

चराचं भय वेगळं आहे. हरणी शर्यतीतून आलेली. दुसऱ्या वर्षापासून ती घोळक्यात धावली, एकटीने माळ पाहिलाच नाही. म्हणून मला शिकवणाऱ्या सरांचा म्हातारा घोडा दोन घोड्यांच्या लांबीइतका पुढे ठेवला. चर फक्त फूटभर रुंद, कोरडा. तो शांतपणे ओलांडून गेला, ही क्षणभर थबकली आणि पाच फुटांचा असल्यासारखी झेपावली! माझी बोटं आधीच तिच्या गळ्यातल्या पट्ट्यात होती, त्यामुळे तोंडाला हिसका बसला नाही. नवख्या घोड्यावर हा पट्टा बांधाच, मी हात जोडून सांगते. उडीवर तोंड दुखलं तर ते तिच्या फार दिवस लक्षात राहतं. चौथ्या खेपेला ती म्हाताऱ्याशिवाय गेली आणि आम्ही थांबलो.

स्पर्धा कधी, असं बरेच जण विचारतात. आंतरराष्ट्रीय एक-तारांकित, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीच्या, क्रॉसकंट्री फेरीतले (मोकळ्या मैदानावरची अडथळ्यांची दौड) पक्के अडथळे १.०५ मीटरपर्यंत असतात, आम्ही त्याच्या निम्म्यावरही नाही. घाई वाटली की मी टोकियो ऑलिंपिकमधली भारतीय घोडेस्वार फवाद मिर्झा यांची क्रॉसकंट्री आठवते. त्यांच्या घोड्याने, सिन्योर मेडिकॉटने, तिथे एकही उडी नाकारली नाही, जे ११.२० दंडगुण बसले ते फक्त वेळेचे. मला हरणीकडून आधी तेच हवंय, वेळ नंतर बघू.

पुढच्या आठवड्यात पाणी. ओढ्याचा तळ मी स्वतः चालून पाहिलाय : घोटाभर पाणी, खाली घट्ट मुरूम, चिखल नाही. म्हातारा पुढे असेलच.