ड्रॉप घेऊ का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

क्लॅटचा, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या (एनएलयूंच्या) प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस माझ्या फोनवर एकच प्रश्न येत राहतो. "ताई, ड्रॉप घेऊ का?" म्हणजे थांबून परीक्षा पुन्हा देऊ का. पूर्वी मी मोठमोठी उत्तरं द्यायचे. मॉकमध्ये, म्हणजे सराव पेपरात किती यायचे, पेपरात किती आले, जीके कुठं अडलं, सगळं विचारून घ्यायचे. हल्ली "तुझं तू ठरव" म्हणते आणि पोरं नाराज होतात. पोरांपेक्षा त्यांच्या आया जास्त. एका काकूंनी तर माझ्या आईला ऐकवलं, "तिचं झालं ना, आता दुसऱ्यांना कशाला सांगेल ती." काकू, तसं नाही हो. माझ्याकडं उत्तर अर्धंच आहे, आणि जे आहे ते सांगायची लाज वाटते. आज एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर हेच पुढं करता येईल.

आधी हे सांगते की माझं गणित तुम्हाला जसंच्या तसं लागू होत नाही. मी क्लॅट दोनदा दिली ती एकाच वर्षात, १९ जून २०२२ आणि १८ डिसेंबर २०२२ ला. त्या वर्षी परीक्षा उन्हाळ्यातून डिसेंबरात आली, त्यामुळं दोन पेपरांमध्ये जेमतेम सहा महिने. आम्हाला १५० प्रश्न होते, तुम्हाला १२०. तुमचा निकाल बोर्डाच्या आधी लागतो. म्हणजे तुम्ही ड्रॉपचा विचार करायला बसता तेव्हा बारावीही बाकी असते आणि राज्याची लॉ सीईटीही. माझी बारावी होऊन गेलेली होती, आणि निकालानंतर माझ्यासमोर होता नुसता रिकामा जुलै. तुम्ही आता थांबलात तर पुढच्या पेपरापर्यंत पूर्ण वर्ष जातं. मी सहा महिन्यांत सुटले आणि नंतरचे सहा महिने प्रवेश होऊन कॉलेज सुरू व्हायची वाट बघत गव्हाचे खडे निवडले. घरचे म्हणतात तसं वर्ष वाया गेलंच असेल, तर ते यातलं कुठलं अर्धं, हे अजून ठरलेलं नाही.

मी लातूरची. आमच्याकडं नीटसाठी रिपीट करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या वेगळ्या बॅचा असतात, मेसवाले त्यांना नावानं ओळखतात. पण "वकिलीसाठी रिपीट" म्हटलं की माणसं चेहऱ्याकडं बघतात. वकील व्हायला परीक्षा कशाला, कोर्टासमोर पानटपरीइतकेच वकील आहेत की, असं माझे सख्खे मामा म्हणाले. त्यांना मी एनएलयू म्हणजे काय हे समजावत बसले नाही. 

आता जूनचा पेपर. मी सगळ्यांना सांगत आले की निगेटिव्हनं घात केला. १३८ प्रश्न सोडवले, ४६ चुकले, दर चुकीला पाव गुणानं साडेअकरा गेले. ८०.५ उरले. ऐकणाऱ्याला हे पटतं, कारण साडेअकरा गुण म्हणजे शेकडो रँक. मलाही ते पटलं होतं, बरेच महिने. मग एके दिवशी वहीत मांडून बघितलं. चार पर्यायांमधून डोळे झाकून एक निवडला तर चारांत एकदा एक गुण मिळतो आणि तीनदा पाव जातो, म्हणजे पाऊण. हिशोब तरीही पाव गुणानं आपल्याच बाजूला झुकतो! तुक्का मारणं म्हणजे आत्महत्या, असं आमच्या क्लासचे सर फळ्यावर लिहायचे, ते गणितानं तरी खरं नाही. तुक्क्यात जातो तो वेळ. १२० मिनिटांत १५० प्रश्न म्हणजे एकेकाला ४८ सेकंद, त्यातच साडेचारशे शब्दांचे उतारे वाचायचे. आणि माझे ४६ हे तुक्के नव्हतेच मुळी. मी ते खात्रीनं चुकवले होते. दोष निगेटिव्हचा नव्हता, माझ्या वाचनाचा होता. पॅसेजमध्ये जे लिहिलंय ते न वाचता मी मला जे येतं ते लिहीत होते.

लीगलमध्ये तर हमखास. एका मॉकमध्ये अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलानं केलेल्या कराराचा प्रश्न होता. उताऱ्यात नियम मुद्दाम वेगळा दिला होता, अमुक अटींवर असा करार चालेल म्हणून. मी वाचलंच नाही. मला १९०३ चा मोहोरी बीबीचा निकाल पाठ होता, अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल, मी ठोकून दिलं. पाचपैकी चार चूक. तो मॉक मी नंतर उघडूनही बघितला नाही. नुसते गुण एक्सेलच्या शीटमध्ये भरले आणि पुढचा मॉक दिला. असे एकतीस मॉक.

हे मला जून २०२२ मध्ये दिसत होतं का? नाही. म्हणजे मी ड्रॉप घ्यायचं ठरवलं ते "चूक सापडली, आता सुधारते" असं म्हणून नाही. मी कसं ठरवलं, तेच आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

निकाल लागला २४ जूनला. रँक चार आकडी. ती आजही सांगणार नाही, तेवढी सूट द्या. पहिल्या दहा एनएलयू नाहीत हे उघड होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत काउन्सेलिंगला, म्हणजे जागावाटपाला बोलावल्याचा मेल आला. काउन्सेलिंगचं बोलावणं म्हणजे सीट नव्हे, जागांच्या कितीतरी पट मुलांना ते येतं. तरी आलं होतं. डोमिसाइलच्या कोट्यातून खालच्या एखाद्या ठिकाणी लागायची आशा होती. नोंदणीची मुदत मोजक्या दिवसांची.

मी तो मेल दुपारी तीन वाजता वाचला आणि फोन उशीखाली ठेवला. माझ्या क्लासमधल्या दोघींना वरच्या दहा एनएलयूंमध्ये मिळत होतं. ग्रुपवर पेढ्यांचे फोटो येत होते. ज्या कॉलेजचं नाव मी स्वतःच वर्षभर "तिथं कोण जातं" म्हणून घेतलं होतं, तिथं आपण जाणार हे मला कुणाला सांगताच आलं नसतं. बस, एवढंच कारण. करिअर, प्लेसमेंट, फॅकल्टी, ही सगळी कारणं मी नंतर जमवली.

संध्याकाळी बाबा आले. ते जिल्हा परिषदेत कारकून आहेत. त्यांना काउन्सेलिंगच्या तारखा माझ्यापेक्षा चांगल्या पाठ होत्या, डायरीत लिहून ठेवल्या होत्या. चप्पल काढता काढता विचारलं, "आलं का गं काही?"

मी म्हणाले, "नाही आलं नाव."

बाबांनी पाय धुतले. मग कपाटातून निळी प्लास्टिकची फाइल काढली. त्यात माझं डोमिसाइल होतं. मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस सेतूच्या रांगेत उभं राहून काढलेलं, एकदा माझा शाळेचा दाखला परत आणायला घरी आलेले, एकदा सर्व्हर बंद म्हणून रिकामे परतलेले. त्याच्या सहा झेरॉक्स, साक्षांकित करून, टाचणी लावून. त्यांनी सगळी कागदं पुन्हा एकदा सारखी केली आणि फाइल होती तिथं ठेवली.

"असू दे," म्हणाले. "डोमिसाइलला काही एक्स्पायरी नसते."

मी आत जाऊन रडले, आणि आईला वाटलं मी निकालासाठी रडते आहे. चार दिवसांनी मुदत संपली. त्यानंतर मी ड्रॉपचा विषय काढला तेव्हा घरी वाद असा झालाच नाही. दुसरा रस्ताच नाही म्हटल्यावर वाद कसला? बाबांनी एवढंच सुचवलं की ऑगस्टात सीईटी दे, इथल्याच किंवा पुण्यातल्या कॉलेजात नाव घाल आणि क्लॅटही कर. तुम्ही ज्याला पार्शल ड्रॉप म्हणता तेच. आज कुणी विचारलं तर मी स्वतः हेच सांगेन. सीईटीला निगेटिव्ह नाही, मराठीतूनही देता येते, पाठीशी एक जागा राहते. तेव्हा मात्र मी "दोन दगडांवर पाय नको" असं काहीतरी बाणेदार बोलले. अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी म्हणी आल्या की समजावं, काहीतरी लपवते आहे.

ऑगस्टमध्ये डिसेंबरच्या पेपराचा, म्हणजे क्लॅट २०२३ चा फॉर्म भरायला बसले. मोबाइल नंबरच्या रकान्यात मी सवयीनं बाबांचा नंबर घातला, पहिल्या वेळीही तोच होता. हाक मारली, "बाबा, ओटीपी आला का?" त्यांनी चष्मा वर करून आकडे वाचून दाखवले. एकेक आकडा, सावकाश. आणि मी टाइप करता करता थांबले. मेल माझ्याकडं आला होता. मेसेज कुणाकडं गेला असेल?

आलाच असेल असं नाही. आला असला तरी बाबा मेसेज वाचतातच असं नाही, बँकेचेही वाचत नाहीत. मी विचारलेलं नाही. त्यांनीही कधी काही काढलेलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून मॉक दिल्यावर तो उघडून वाचायला लागले. चुकलेला प्रत्येक प्रश्न, का चुकला, एका ओळीत. पहिल्या वहीत "वाचलंच नाही" हे शब्द इतक्या वेळा आलेत की पुढं पुढं मी नुसतं "वा. ना." लिहिलंय. मॉक फक्त चौदा दिले.

डिसेंबरात १२६ सोडवले, २७ चुकले. ९२.२५. रँक वर गेली, एनएलयू मिळाली, प्रवेशाला तेच डोमिसाइल लागलं. म्हणजे ड्रॉप फळला, असं तुम्ही म्हणाल. काकू तर म्हणतातच.

पण मला खरंच माहीत नाही. वाचायला शिकायला मला सहा महिने लागले नव्हते, तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी मे महिन्यात काढले असते तर? किंवा जूनच्या रँकवर जे मिळालं असतं ते घेतलं असतं आणि आज तिथून हेच मूट कोर्ट, म्हणजे सरावाचे खटले, हीच इंटर्नशिप करत असते तर? नंतर मी त्या वर्षीच्या शेवटच्या रँका शोधून काढल्या. एका ठिकाणी माझं नाव लागलं असतं. अगदी शेवटी, पण लागलं असतं. हे वाचून कधी वाटतं मी एक वर्ष निव्वळ तोऱ्यात घालवलं. कधी वाटतं, तिथं गेले असते तर पाच वर्षं "खरंतर मला दुसरीकडं मिळालं असतं" असं म्हणत फिरले असते, आणि तशी माणसं मी आता रोज बघते. दोन्ही बाजूंनी मी बऱ्यापैकी युक्तिवाद करू शकते, शिक्षणच तसलं आहे. निकाल देता येत नाही.

गेल्या आठवड्यात उदगीरच्या एका मुलाचा फोन आला. मी त्याला विचारलं, "किती चुकले ते सोड, का चुकले ते बघितलंस का?" तो म्हणाला, ते नंतर बघतो ताई, आधी हो की नाही एवढं सांगा. मग मी विचारलं, "काउन्सेलिंगचं आलंय का तुला काही?"

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही.

"घरी सांगितलंस?" मी म्हटलं.

त्यानं फोन ठेवला. मी त्याला परत लावलेला नाही. लावावा का, तेवढं तुम्ही सांगा.