पंप गेला नव्हता: जुन्या पिकअपमधून तुर्भे ते गायमुख

नवी मुंबईत तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माल भरायचा, मग महापे, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा करत ठाण्याच्या घोडबंदर रोडला लागायचं. हा रस्ता हौसेने कोणी धरत नाही. पण जुन्या डिझेल पिकअपची तब्येत बघायची तर याच्यासारखी तपासणी नाही. आधी महापेचा चढ, मग बायपासचा, शेवटी गायमुख घाट आणि मधल्या सपाटीवर ट्रॅफिक. इंजिनात दुखणं असेल तर यातल्या कुठल्यातरी ठिकाणी ते बाहेर पडतंच.

आमची गाडी चार सिलिंडरची, मेकॅनिकल रोटरी पंपाची (म्हणजे इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा इंजेक्शन पंप). सेन्सर नाहीत, स्कॅनर लावायची सोय नाही. महापेचा चढ तिने कुरकुरत काढला. मुंब्रा बायपासवर मात्र तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबूनही ती गचके देत मंदावायला लागली. डावीकडे पारसिकचा डोंगर (याच्याच पोटातून १९१६ सालचा रेल्वेचा बोगदा जातो), उजवीकडे खाली मुंब्र्याची वस्ती, मागे कंटेनरवाल्यांचे हॉर्न. गाडी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले, मागच्या चाकांना दगड लावले.

थोड्या वेळात सल्लागार जमले. रिक्षावाला, टेम्पोवाला, बाइकवरून जाता जाता थांबलेला मिस्त्री, सगळ्यांचं निदान एकच: "पंप गेला शेठ, उतरवायला लागेल." माणसं चांगली होती, एकाने पाण्याची बाटलीही दिली. पण या वाक्याचा मला मनापासून राग आहे. पंप उतरवून तपासणीच्या बेंचवर चढला की बिल हजारांत जातं, आणि मूळ दोष गाडीत तसाच राहतो.

पंपाला हात लावायच्या आधी सायलेन्सरकडे बघा. चढावर दम सुटतोय आणि काळा धूर भसाभसा येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण हवा कमी पडतेय. अशा वेळी एअर फिल्टर उघडायचा. दम सुटतोय आणि धूर जवळपास नाहीच, म्हणजे डिझेलच कमी पडतंय. निळा धूर ऑइल जळण्याचा. पांढरा असेल तर न जळलेलं डिझेल किंवा सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी. आमच्याकडे धूर नव्हता, त्यामुळे शोध टाकीपासून सुरू करायचा होता.

सगळ्यात सोपी गोष्ट टाकीचं झाकण. ते सैल केल्यावर हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक चिखलाने बुजलेलं असतं. इथे आवाज आला नाही. मग डिझेल फिल्टरच्या तळाचा ड्रेन सोडून डिझेल पारदर्शक बाटलीत घेतलं. पाणी जड, ते खाली बसतं आणि मिनिटभरात स्पष्ट रेघ दिसते. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करावं. डिझेल स्वच्छ निघालं.

आता खरी मेख. ज्या गाड्यांत वेगळा फीड पंप (टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा) नसतो आणि हातप्रायमर, म्हणजे हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप, फिल्टरच्या डोक्यावर असतो, त्यांत टाकीपासून इंजेक्शन पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीवर चालते. पंप डिझेल खेचतो, मागून कोणी ढकलत नाही. त्यामुळे या लाइनमध्ये फट पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही, पाइप कोरडा, म्हणून लाइनकडे कोणी बघत नाही आणि आळ पंपावर येतो. सपाटीवर थोडं डिझेल लागतं, तेव्हा गाडी निभावून नेते. चढावर मागणी वाढते, ओढ वाढते, जास्त हवा शिरते आणि दम सुटतो. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी लांबलचक सेल्फ मारावा लागत असेल तर तेही याच दुखण्याचं लक्षण, कारण डिझेल टाकीकडे परत उतरलेलं असतं.

पुरावा मिळवायला फूटभर पारदर्शक पाइप पुरतो. तो फिल्टर आणि पंपाच्या मध्ये जोडून इंजिन रेस केलं की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. आम्हाला साबणाच्या फेसासारखी रांगच दिसली. मग पाच लिटरचा स्वच्छ डिझेलचा कॅन पंपाच्या वर टांगायचा आणि त्यातला पाइप थेट फिल्टरच्या इनलेटला द्यायचा, म्हणजे टाकीची लाइन बाजूला पडते. बुडबुडे थांबले तर दोष टाकी ते फिल्टर यांच्यामध्ये. नाही थांबले तर फिल्टरचं रबर, प्रायमर, ड्रेनचा नट किंवा बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर. इथे ते थांबले.

मग बोटांनी पाइप चाचपत गेलो. फिल्टरला येणारा रबरी पाइप क्लिपच्या खालीच तडकला होता. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होतं आणि ताकद लावून आवळलेली क्लिप ते कापते. वरून दिसत नाही, पाइप वाकवल्यावर तड उघडते. पाइपात ढील होती, म्हणून टोकाचा इंचभर तुकडा कापून नव्या क्लिपने पुन्हा बसवला. बॅन्जो उघडावाच लागला तर दोन्ही बाजूंचे वायसर नवे घाला. नवे नसतील तर जुने, डिझेलपासून लांब, लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि पुन्हा धरतं.

लाइन उघडली की एअर काढणं, म्हणजे आत शिरलेली हवा बाहेर घालवणं, आलंच. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून बिनबुडबुड्याचं डिझेल येईपर्यंत प्रायमर दाबायचा, स्क्रू आवळायचा आणि प्रायमर कडक लागेपर्यंत दाबत राहायचं. तरीही गाडी पकडली नाही तर १७ च्या पान्याने दोन नोझलांचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) पाइप नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारायचा. एका वेळी १० ते १५ सेकंदच, मग मिनिटभर विश्रांती, नाहीतर सेल्फ जळेल. डिझेल थुंकायला लागलं की नट आवळा. त्या धारेसमोर हात धरू नका, नोझलच्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. चावी फिरवल्यावर पंपावरच्या सोलेनॉइडचा (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) 'टिक' येतो का, तेही ऐका. तो गप्प असेल तर डिझेल पुढे जाणारच नाही, मग एअर कितीही काढा.

खारेगाव, माजिवडा, कासारवडवली यांत सांगण्यासारखं काही नाही. गायमुखला नेहमीची रांग, पहिला गिअर, आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. उभ्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं आणि पळताना थंड होतं, तर रेडिएटर नाही, पंखा बघा. इंजिन बंद करून गरम असतानाच पंखा हाताने फिरवा. व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावर पंख्याला पकड देणारा जोड) चांगलं असेल तर तो जड लागतो. गिरकी घेत मोकळा फिरला तर कपलिंग गेलं. पळताना किंवा लांब चढावरच तापत असेल, तर मात्र बुजलेला रेडिएटर किंवा अडकलेला थर्मोस्टॅट. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

आमचा पंखा जड होता. सैल निघाला तो बेल्ट. अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे, इथे दुपटीहून जास्त दबत होता. घाट उतरल्यावर तो ताणला, आणि हात लागला तसा फिल्टरची नवी क्लिपही अर्धा फेरा आवळली. एकदा तापून थंड झालं की रबर जरा बसतं, तेवढं मागतंच.