नाव ठेवूनच आत पाठवायचं

8 नोव्हेंबर 2025, शनिवार. कराड

काल सांगलीत लेकीचा विसाव्या आठवड्याचा स्कॅन झाला. सहापर्यंत फोन येईल म्हणाली होती, आला साडेआठला. "आई, जेवलीस का?" एवढंच विचारलं तिने, आणि मला कळलं की काहीतरी झालंय.

हात, पाय, पाठीचा कणा, डोकं, सगळं नीट आहे. हृदयाचे चार कप्पेही नीट दिसले. पण हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जायला हव्यात, त्या शेजारीशेजारी सरळ वर चालल्यात. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई चाळीस मिनिटं बघत होत्या. चार कप्पे बघून थांबल्या असत्या तर हे सुटूनच गेलं असतं. त्या बाईंचे उपकार मानावेत की त्यांना भेटलोच नसतो तर बरं झालं असतं म्हणावं, हे काल रात्री मला कळत नव्हतं. आज कळतंय. उपकारच.

बाहेर बाकावर बसलेली एक बाई म्हणे लेकीला म्हणाली, "तरुण आहात, दुसरं होईल." ओळख ना पाळख. लेक ते सांगताना रडली, स्कॅनचं सांगताना रडली नव्हती.

16 नोव्हेंबर, रविवार

काल पुण्याला जाऊन आलो. बाळाच्या हृदयाची पोटातच वेगळी तपासणी करतात, फीटल इको. मी, लेक, जावई. आमचे हे गाडी लावायच्या निमित्ताने खालीच थांबले.

डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढलं. उजव्या कप्प्यातलं रक्त फुप्फुसाकडे जायला हवं आणि डाव्यातलं सगळ्या अंगाला. आपल्या बाळाच्या नळ्यांची अदलाबदल झाली आहे. अंगाकडून आलेलं काळपट रक्त पुन्हा अंगालाच जातं, आणि फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं पुन्हा फुप्फुसातच. दोन वेगळी चक्रं, एकमेकांत मिसळतच नाहीत. पोटात असेपर्यंत त्याला काही त्रास नाही, कारण प्राणवायू वारेतून मिळतो. जन्मलं की प्रश्न सुरू. जन्मलेल्या बाळात त्या दोन नळ्यांना जोडणारी एक छोटी वाट असते, ती दोन-तीन दिवसांत आपोआप मिटते. इतर बाळांची मिटायलाच हवी. आपल्या बाळाची मिटू द्यायची नाही. त्यासाठी शिरेतून औषध चालू ठेवतात, प्रोस्टाग्लँडिन. तेवढ्याने भागलं नाही तर फुगा घालून वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र रुंद करतात. आणि मग साधारण पहिल्या दोन आठवड्यांत मोठं ऑपरेशन. दोन्ही नळ्या कापून आपापल्या जागी जोडायच्या, आणि हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही उचलून नव्या जागी शिवायच्या. 1975 साली ब्राझीलमध्ये जातेने नावाच्या सर्जननी हे पहिल्यांदा यशस्वी केलं. त्याआधीची बाळं... तिथे मी वहीत लिहायची थांबले.

अनुभवी केंद्रात शंभरातली नव्वदहून जास्त बाळं यातून बरी होतात, असं त्यांनी दोनदा सांगितलं. भारतात दर वर्षी दोन लाखांहून जास्त बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्मतात. त्यातल्या कितीकांना जन्माआधी कळतं?

कायद्याचंही त्यांनी सांगितलं. चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि त्यापुढे मेडिकल बोर्डाच्या संमतीने, गर्भपाताचा पर्याय असतो. दबाव नाही, घाई नाही, दोघांनी विचार करा. मी उठून बाहेर आले. तो निर्णय त्या दोघांचा. माझ्या मनात काय होतं ते इथेही लिहिणार नाही. परत येताना खंबाटकी घाटात लेक म्हणाली, "आई, आम्ही पुढे जातोय." जावयांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

एक गोष्ट राहिली. फॉर्मवर प्रश्न होता, कुटुंबात कुणाला हृदयाचा जन्मजात आजार होता का. दोन्हीकडून 'नाही' लिहिलं.

30 नोव्हेंबर, रविवार

सांगायचं कुणाला आणि कसं, यात पंधरा दिवस गेले. हे म्हणाले, कुणालाच नको, बाळ झाल्यावर बघू. पण लेक ठाम होती. "बाळ आयसीयूत असताना मी फोनवर एकेकाला समजावत बसणार नाही. आत्ताच सगळ्यांना कळू दे, म्हणजे तेव्हा कामाला येतील." मग आम्ही दोघींनी तीन वाक्यं लिहून काढली, सगळ्यांना तीच सांगायची, कमी नाही, जास्त नाही:

बाळाच्या हृदयातल्या दोन मुख्य रक्तवाहिन्या उलट जोडल्या गेल्यात. जन्मल्यावर थोड्या दिवसांत ऑपरेशन करून त्या जागच्या जागी लावतात. ही कुणाचीही चूक नाही.

पस्तीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवलं. शिकवलेलं किती पोचलं ते प्रश्नावरून कळतं. वन्संना फोन केला. तिन्ही वाक्यं ऐकून त्या म्हणाल्या, "ग्रहण पाळलं नव्हतं का तिने?"

पाळलं होतं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, 7 सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं, आणि मीच तिला दुपारी फोन करून सांगितलं होतं की वेध लागलेत, सुरी-कात्री हातात घेऊ नकोस, झोपून राहा. रात्री दीडपर्यंत पोर कूस न बदलता पडून होती. हे सांगितल्यावर वन्सं म्हणाल्या, मग पपई खाल्ली असेल. मग म्हणाल्या, दिवसभर लॅपटॉप मांडीवर.

मला राग आला, पण फोन ठेवल्यावर लाजच वाटली. त्या रात्री पाळायला लावलं ते मीच, म्हणजे चिरलं असतं तर मीही तेच विचारलं असतं. भिंतीवरचं कालनिर्णय काढून आठवडे मोजत बसले. शेवटची पाळी 20 जून. ग्रहणाला अकरा आठवडे होऊन गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाचे कप्पे आणि मोठ्या वाहिन्या दहाव्या आठवड्याच्या आतच घडून झालेल्या असतात. त्या रात्री आकाशात काय चाललं होतं याने काहीच बदलणार नव्हतं, ना चिरून, ना झोपून. वन्संना परत फोन करून हे सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रक्त लागेल ना गं? आमच्या दोघा पोरांचे गट विचारून ठेवते." हे त्या मनापासून म्हणाल्या.

18 डिसेंबर, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार

आज सासूबाईंना सांगितलं. सगळ्यांच्या शेवटी. अठ्ठ्याऐंशी वय, रक्तदाब, त्यांना धक्का नको म्हणून हे टाळत होते. पण घरात सारखं दार लावून बोलणं त्यांच्या लक्षात आलं होतं. सकाळी घट मांडताना त्यांनीच विचारलं, "पोरीचं काय लपवताय?"

तीन वाक्यं इथे उपयोगाची नव्हती. त्यांची सगळी उमर रानात गेली. मी म्हटलं, आत्या, उसाला पाणी पाजताना दोन पाट असतात समजा. एक विहिरीवरून रानात जाणारा, एक रानातून विहिरीकडे परत येणारा. दोन्ही पाटांची तोंडं चुकीच्या ठिकाणी जोडली गेलीत. रानातलं वापरलेलं पाणी पुन्हा रानातच फिरतंय, विहिरीचं ताजं पाणी विहिरीतच. मधे एक दारं आहे, जन्मल्यावर तिथूनच थोडं ताजं पाणी रानात येतं, त्यावर पीक तग धरतं. पण दोन-तीन दिवसांत ते दारं बुजतं.

"म्हंजी दारं बुजू द्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

हो, आत्या. त्याचंच औषध देतात. मग डॉक्टर पाटाची तोंडं बदलणार.

त्या बराच वेळ हातातली दूर्वांची जुडी सारखी करत बसल्या. मग म्हणाल्या, "माझा पयला असाच गेला."

आमचे हे थोरले, हेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. ह्यांनाही ठाऊक नव्हतं. ह्यांच्या आधी एक मुलगा झाला होता. गोरापान, अंगाने भरलेला. दुसऱ्या दिवसापासून ओठ आणि नखं निळी पडायला लागली, रडला की जास्तच. घरातले म्हणाले दृष्ट लागली. मग पोटावर बिब्ब्याचे डाग दिले. नवव्या दिवशी गेला. बारसं बाराव्या दिवशी, म्हणून नावच ठेवलेलं नव्हतं. "मी हाक काय म्हणून मारू त्याला? बाळ म्हणायची." सटवाईने तेवढंच लिहिलं असेल म्हणून सगळ्यांनी गप्प केलं, आणि त्या साठ-पासष्ट वर्षं गप्प राहिल्या.

हे दारात उभे होते. आत आले आणि आईच्या पायाशी बसले.

त्या बाळाला काय झालं होतं हे आज कुणी सांगू शकत नाही. संध्याकाळी लेकीला सांगितलं, तिने लगेच डॉक्टरांना कळवलं. त्यांनी नोंद करून घेतली, आणि म्हणाले की हा दोष सहसा वंशाने येत नाही, पण सांगाल ते सगळं जन्मानंतर उपयोगी पडेल. फॉर्मवरचं 'नाही' खोडलं.

झोपायला जाताना सासूबाईंनी हाक मारली. "त्याला आत न्यायच्या आधी नाव ठेवा. नाव ठेवूनच आत पाठवायचं. बाराव्याची वाट नका बघू."

11 जानेवारी 2026, रविवार. सांगली

डोहाळजेवण झालं. विहीणबाईंच्या मनात होतं की यंदा साधंच करावं, लोक काय म्हणतील. लेक म्हणाली, मला हिरवी साडी आणि फुलांची वाडी हवी. झोपाळ्यावर बसवलं, ओटी भरली. वाटीत पेढा-बर्फी ओळखायचा खेळही झाला. पेढाच निघाला. खूप हसलो.

8 फेब्रुवारी, रविवार

सध्या दिवस कागदांचे आहेत. जावयांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची माहिती काढली. आता कुठलंही रेशनकार्ड असलं तरी चालतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटून कुठले कागद लागतील ते आधीच विचारून घेतलं. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनीचाही पत्ता लिहून ठेवलाय, तिथे मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्यातही जन्मजात हृदयदोष येतो. गल्लीतल्या अंगणवाडीताईंना हे सगळं ठाऊक होतं, आणि मी निवृत्त शिक्षिका असून मला नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून कराडची मागची खोली दिवाळीत रंगवून घेतली होती. ती रिकामीच राहणार. छत्तिसाव्या आठवड्यापासून रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत राहायचं आहे. पुण्यात दोन खोल्या महिन्याच्या भाड्याने घेतल्या. माहेर तिथे न्यायचं, त्याला काय.

आज झबली शिवायला बसले. माझ्या आईच्या पद्धतीची झबली पाठीवर बंद बांधायची, पुढे सलग. दोन शिवून झाल्यावर लक्षात आलं. छातीच्या मधोमध टाके असणार, नर्सना पुढून उघडता यायला हवं, नळ्या, वायरी असणार. दोन्ही उसवली. पुढून पूर्ण उघडणारी, डाव्या कुशीला दोन बंद, शिवण बाहेरच्या बाजूला म्हणजे आत काही टोचणार नाही. मलमल तीन वेळा धुतलेलं. काजासाठी जागा ठेवताना हात थरथरत होता, म्हणून काज केलेच नाहीत, बंदच बरे.

न्हाऊ घालणाऱ्या मावशींना मी स्वतः जाऊन सांगितलं, या वेळी नको. लेक त्यांच्याच पायावर वाढली, त्यांना वाईट वाटलं. ऑपरेशननंतर निदान दीड महिना बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही, छातीचं हाड जुळत असतं. एक हात मानेखाली, एक बुडाखाली, असं ताटासारखं उचलायचं. चोळणं नाही, पाय धरून उलटं करणं नाही, ओव्याची धुरी नाही. बोटाने मध चाटवणं तर वर्षभर नाहीच. मावशींनी सगळं ऐकलं. मग त्यांनी उशी मागितली आणि मला उचलून दाखवायला सांगितलं. माझा मानेखालचा हात चुकत होता, त्यांनीच धरून नीट केला.

पाचवीची पूजा कोण करणार, हा प्रश्न विहीणबाईंनी काढला. पाचव्या दिवशी बाळ कुठे असेल ते माहीत नाही. सासूबाई म्हणाल्या, "पाटा-वरवंटा मी इथं पुजते. सटवाईला कराडातनं पुण्याला जाता येतंय की."

3 मार्च, मंगळवार. पुणे

छत्तीस आठवडे पूर्ण. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, 20 मार्चला दाखल व्हायचं ठरलंय. परवा आयसीयू दाखवला, आधी बघून ठेवा म्हणून. एवढ्याएवढ्या पाळण्यांभोवती यंत्रं. एक आई काचेच्या पेटीतल्या बाळाच्या तळव्यावर नुसतं बोट ठेवून बसली होती, आणि बाळाने ते मुठीत धरलं होतं. लेक बराच वेळ तिकडेच बघत होती. दूध काढून साठवून ठेवायचं, नळीतून देतात, हेही नर्सनी सांगितलं.

वन्संचे दोघे मुलगे आणि जावयांचे चार मित्र, सहा रक्तदाते नक्की झाले.

आज फाल्गुन पौर्णिमा, आणि पुन्हा चंद्रग्रहण. सकाळपासून कुणीच त्याचं नाव काढलं नाही. संध्याकाळी सहाला लेक उठली, बसून बसून कंबर धरली म्हणाली, आणि विळी पुढे घेऊन काकडी कोचवायला बसली. मी घड्याळाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी डबा काढला आणि दाण्याचं कूट वाटीत घेतलं.

रात्री सासूबाईंचा फोन. नावं ठरली का? ठरली, दोन्ही, एक मुलाचं, एक मुलीचं. ऐकू नीट येत नाही त्यांना. लेकीने मोठ्याने सांगितली. त्यांनी पुन्हा सांगायला लावली. मग तिकडून त्यांनी ती दोन्ही, एकामागून एक, हाक मारावी तशी मारून बघितली.