पालक भाजी, पालक भजी आणि गळलेल्या मात्रा

आईच्या पाककृतींच्या वहीची पानं सुटायला लागली, तेव्हा ताईनं आणि मी मिळून ती टाइप करून काढली. त्यावरून मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटी वेबसाइट केली. पदार्थाचं पान डेटाबेसमधून आपोआप तयार व्हायचं आणि पानाचा पत्ताही पदार्थाच्या नावावरूनच. नाव घ्यायचं, मूळ पत्त्याला जोडायचं, झालं.

‘साबुदाणा/भगर खिचडी’ला पहिल्याच दिवशी ठेच लागली. पत्त्यात तिरकी रेघ म्हणजे पुढचा कप्पा, त्यामुळे सर्व्हर ‘साबुदाणा’ नावाच्या कप्प्यात ‘भगर खिचडी’ शोधत बसला आणि पान सापडत नाही म्हणाला. ‘१००% ज्वारीची भाकरी’चीही तीच गत, कारण टक्क्याच्या चिन्हाला पत्त्यात स्वतःचा वेगळा अर्थ असतो. मग मी एक रेगेक्स, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणारं सूत्र, लिहिला: अक्षरं, आकडे, मोकळी जागा आणि जोडरेघ सोडून बाकी सगळं उडव, मग मोकळ्या जागेची जोडरेघ कर. दोन ओळींचं काम. ‘खरवस’ टाकून पाहिला. पत्ता आला ‘खरवस’. खूश होऊन झोपलो.

अख्ख्या वहीतून मी नेमका बिनमात्रेचा पदार्थ चाचणीला घेतला होता.

दोन दिवसांनी मावशीचा फोन. “अरे, पालक भाजी उघडली तर मला बेसन कालवायला सांगतंय तुझं ते.” मी म्हटलं, “मावशी, तू भजी उघडली असशील.” “मला भाजी आणि भजी कळत नाही का रे?” यावर काय बोलणार? लॅपटॉप उघडला.

पत्त्यांची यादी पाहून हसावं की रडावं कळेना. पुरणपोळीची ‘परणपळ’ झाली होती, थालीपिठाचं ‘थलपठ’, कोथिंबीर वडीची ‘कथबर-वड’. ‘पालक भाजी’ आणि ‘पालक भजी’ दोघींचा पत्ता एकच: ‘पलक-भज’. त्या पत्त्यावर जी आधी सापडेल ती उघडायची, आणि भजी आधी टाइप केलेली होती.

कारण कळायला संध्याकाळ गेली. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, प्रत्येक चिन्हाला एक वर्गही दिलेला असतो. अ, क, ख यांचा वर्ग ‘अक्षर’. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांचा वर्ग मात्र वेगळा: अक्षराला चिकटणाऱ्या खुणा. पायथनच्या अंगभूत रेगेक्समध्ये ‘शब्दातलं अक्षर’ म्हणून डब्ल्यूचा जो संकेत वापरतात, त्यात अक्षरं आणि आकडे येतात, या खुणा येत नाहीत. फ्रेंच लिहिणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही, कारण त्यांची वर चिन्ह असलेली अक्षरं बहुतेक वेळा एकसंध अक्षर म्हणूनच साठवलेली असतात. आपला काना मात्र कचऱ्यात. माझ्या कोडनं सांगितलेलं काम चोख केलं होतं, सांगणाराच चुकला होता.

काय उडवायचं ते सांगण्यापेक्षा काय ठेवायचं ते सांगू, असं ठरवून देवनागरीचा अख्खा पट्टा, युनिकोड क्रमांक ०९०० पासून ०९७एफ पर्यंत, राखून ठेवला. मात्रा परत आल्या. पण आईच्या वहीचं पहिलं पान ‘॥ श्री ॥ पुरणपोळी’ असं आहे आणि ताईनं ते जसंच्या तसं उतरवलं होतं. दंड आणि दुहेरी दंड हे ०९६४ आणि ०९६५, म्हणजे त्याच पट्ट्यात बसलेले. पत्ता दोन उभ्या रेघांनी सुरू व्हायला लागला. ते दोन क्रमांक वगळले.

खरा घोळ यानंतर. ‘तिखटमिठाच्या पुऱ्या’ पत्त्यात ‘पुर्या’ दिसत होत्या, रफार डोक्यावर घेऊन. ‘कैऱ्यांचा तक्कू’ मात्र ठीक. ताईनं टाइप केलेलं बिघडलं होतं, माझं नाही! आपला हा अर्धा ऱ्य दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह, क्रमांक २००डी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ते अदृश्य चिन्ह माझ्या पट्ट्याबाहेरचं, म्हणून उडालं, आणि र चा रफार झाला. या हिशेबानं दऱ्या लिहिल्या तर दर्या होतो, डोंगर सोडून थेट समुद्रात. एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेलं असेल तर ते एकसारखं करणारं युनिकोडचं प्रमाणीकरण लावून पाहिलं, त्यानं हे दोन प्रकार एक होत नाहीत. शेवटी हातानंच बदल लिहिला: र, हलन्त, जोडचिन्ह असं त्रिकूट दिसलं की त्या जागी ऱ आणि हलन्त. ही ओळ साफसफाईच्या आधी यायला हवी. मी ती सुरुवातीला साफसफाईनंतर लिहिली होती आणि अर्धा तास नुसता पडद्याकडे बघत बसलो होतो.

पत्ते नीट झाले, तशी मावशीची नवी तक्रार. ब्राउझरच्या पट्टीत मराठी दिसतं, पण तिथून उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवलं की टक्क्यांची माळ. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे ३ बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट ३ खुणांनी लिहिला जातो. एका कान्याला ९! ‘तिखटमिठाच्या-पुऱ्या’ एवढंच १६३ खुणांचं होतं. “हे काय पाठवलंस, व्हायरस आहे का?”

ताई म्हणाली, “रोमनमध्ये कर ना सरळ.” करून पाहिलं. अक्षराला अक्षर लावणारं कोड ‘भाकर’चं ‘भाकरा’ करतं, आणि ळ-ल, ण-न यांत फरक ठेवत नाही. ‘गूळपोळी’ची ‘गुलपोली’ झालेली मला आईला दाखवायची नव्हती.

शेवटी प्रत्येक पदार्थाला क्रमांक दिला. पत्त्यात आधी क्रमांक, मग नाव. पान शोधायचं ते फक्त क्रमांकावरून. नाव चुकलं, तुटलं किंवा नसलंच तरी सर्व्हर ३०१, म्हणजे ‘पान कायमचं दुसऱ्या पत्त्यावर आहे’ हा संकेत, देऊन पूर्ण पत्त्यावर नेतो. ‘परणपळ’सारखे जुने पत्ते आधीच नातेवाइकांत फिरले होते, त्यांचीही जोडी लावून ठेवली. एक गंमत म्हणजे पायथन ‘४७’ हे देवनागरी आकडेही न कुरकुरता आकडा म्हणून वाचतो, तिथे काही करावं लागलं नाही.

मावशीला आता नुसत्या क्रमांकाचा छोटा पत्ता पाठवतो. परवा तिचा मेसेज आला: “काल पाहुणे होते. ४७ केलं, सोबत ११२. सगळ्यांना आवडलं.”